अंबाजी आणि मंडळी यांचे सीमोल्लंघन

'अंबाजी आणि मंडळी, बंदुकांचे कारखानदार, शहापूर' या पेढीला एकच रोग होता: तिच्या बंदुकांना कुठलाही रोग होत नसे.

अंबाजींनी घडवलेली ठासणीची बंदूक खानापूरकडच्या एखाद्या घरात गेली की देवासारखी राही. दसऱ्याला कुंकू, सुगीत रानडुकरांवर गर्जना आणि उरलेलं वर्षभर भिंतीवरचं मौन. बाप मेला की ती मुलाकडे येई, मुलगा मेला की नातवाकडे. नवी घ्यायची वेळ कुणावर येतच नसे. गिऱ्हाइकं दुकानात येत ती जुनी बंदूक अजून कशी झकास उडते ते सांगायला. चहा घेत, तसबिरीतल्या अंबाजींना हात जोडत आणि तृप्त मनाने निघून जात. एवढं कौतुक आणि एवढी उपासमार एकाच छपराखाली क्वचितच नांदली असेल.

पेढीचं पोट खरं तर अडकित्त्यांवर चालत होतं. अंबाजींचे चिरंजीव भावकू आप्पा पुढच्या दुकानात गादीवर बसून गंजाच्या वासाची संध्याकाळ अंगावर घेत, आणि मागच्या दारी त्यांची थोरली बहीण जयाबाई उरल्यासुरल्या लोखंडाचे अडकित्ते करवून घेई. जयाबाईला सगळं शहापूर आक्का म्हणे. तिचे अडकित्ते संकेश्वरच्या बाजारापासून सदलग्यापर्यंत घरोघरच्या पानाच्या डब्यांत शिरले होते. पण पुढच्या दुकानात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

"आमी शस्त्रं करतो," आप्पा म्हणत.

"व्हय," आक्का म्हणे. "आनि सुपारीच्या जिवावर जेवतो."

शहापूर होतं संस्थानच्या हद्दीत आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांच्या. मध्ये पेढीच्या दारापासून हाकेच्या अंतरावर एक उघडं गटार होतं. साम्राज्याची सीमा म्हणून त्या गटाराला जो मान मिळायला हवा, तो कुणी देत नसे. कोंबड्या ते दिवसभर ओलांडत, विणकरांची पोरं उड्या मारून ओलांडत, सांडपाणी तर दोन्ही राजवटींचं एकजीव होऊन वाहत असे. फक्त बंदुकीला पलीकडे जायचं तर इंग्रजांचा परवाना लागे.

आणि बंदूक घडवायची तर संस्थानची सनद लागे. ती अंबाजींना मिळालेली होती आणि दर दसऱ्यानंतर नव्याने मंजूर होत आली होती. पण यंदा दरबारच्या कचेरीतून निरोप आला: जो कारखाना वर्षानुवर्षं शस्त्र घडवत नाही, त्याला शस्त्रांचा कारखाना का म्हणावं? या दसऱ्यापर्यंत नव्या बंदुका झाल्या तर सनद चालू राहील. नाहीतर पाटीवरचं 'कारखानदार' पुसून 'दुरुस्ती करून मिळेल' असं लिहावं.

आप्पा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मरणाची भीती त्यांना नव्हती. 'दुरुस्तीवाला भावकू' म्हणून मरायची मात्र होती, आणि ती इतकी की त्यांनी त्या रात्रीचं जेवण टाकलं आणि घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच एका शिकलेल्या माणसाचा सल्ला घ्यायचं ठरवलं.

तो शिकलेला माणूस म्हणजे केदारी, आप्पांच्या धाकट्या भावाचा मुलगा. कोल्हापूरच्या कॉलेजातून तो अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाला होता, आणि पदवीधराला शोभेल अशा बेकारीत दोन पावसाळे काढून चुकला होता. त्याने सगळ्यांना बैठकीत बसवलं. आप्पा आले, आक्का आली, आणि अंबाजींच्या हाताखाली शिकलेला मष्णू मिस्त्री आला. मष्णूला प्रत्येक विषयावर ठाम मत होतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असे.

"पेढीला धोरण पाहिजे," केदारी म्हणाला.

"धोरण म्हंजे काय रं?" आक्काने विचारलं.

"पुढचं ओळखून आज वागणं."

"तेला आमी सुनेचं लक्षण म्हनतो. तेच्यासाठी कोल्लापूरला जायला लागतंय व्हय?"

केदारी आप्पांकडे वळला. "आप्पा, आपला माल मरत नाही, हेच आपलं मरण आहे."

"मग फुटक्या नळ्या करू?" आप्पा म्हणाले.

"नको. ज्याला बंदुकीची गरज नाही, त्याला बंदूक विकायची."

"गरज न्हाय तेनं का घ्यावी?" मष्णू म्हणाला. "मला हत्तीची गरज न्हाय. मी घेतलो न्हाय."

"मष्णूमामा, निपाणीला जाऊन या. तंबाखूत लोकांनी पैसा केलाय. पण पैसा मुका असतो. तो तिजोरीत पडला तर शेजाऱ्याला ऐकू जात नाही. आपण त्यांना आवाज विकायचा."

मग त्याने आपली कल्पना मांडली. नळी पातळ, वजन हलकं, दस्त्यावर वेलबुट्टी. आत दारू ठासायची, वर चिंध्यांचा बोळा, आणि शिशाची गोळी नाहीच. इजा शून्य, आवाज तोफेचा. लग्नाचा बार उडवायला, बारशाला, निवडून आलेल्या मेंबराच्या मिरवणुकीला. नाव: मंगल बंदूक.

 शेजारच्या मागावरचा धोटा तेवढा इकडून तिकडे जात राहिला, एखाद्या कंटाळलेल्या श्वासासारखा.

"म्हंजे आवाज लई, पर कुनाचं कायबी वाकडं व्हायचं न्हाय," आक्का म्हणाली.

"बरोबर."

"आपल्या घरातल्या पुरुषांगत."

आप्पांना ही कल्पना मनापासून आवडली नाही. पण तिच्यात नळी होती, घोडा होता, दारू होती. आणि दरबारच्या निरोपात गोळीचा उल्लेख नव्हता. बुडत्याने काडी निवडून घ्यायची नसते. त्यांनी मान हलवली.

मष्णूने मात्र हातोडा खाली ठेवला. मी अंबाजीबाबांचा चेला, फटाके करणार नाही, असं जाहीर करून तो भट्टीसमोर पाय पसरून बसला आणि त्याच्याबरोबर बाकीचेही बसले. भट्टी थंड पडली. केदारीने पुस्तकात वाचलं होतं की कामगाराला पगाराइतकीच प्रतिष्ठाही हवी असते, आणि पगार वाढवण्याची ऐपत नसल्यामुळे हे वाक्य त्याला फार पटलं होतं. त्याने मष्णूला 'मुख्य शस्त्रशिल्पी' अशी पदवी दिली. मष्णू उठला. पण मग कानशी घासणाऱ्यालाही पदवी हवी झाली, दस्ते तासणाऱ्यालाही. पंधरवड्यात कारखान्यात हातोडा मारणारे कमी आणि हुद्देदार अधिक झाले. टक्कल पडलेला गुंडू, ज्याने जन्मभर भाता ओढला, तो आता 'वायुविभाग' सांभाळत होता आणि त्याला हाक मारायची तर त्या नावाने मारावी लागे. तरीही, किंवा त्यामुळेच, बंदुका घडल्या. श्रावण सरताना त्या ओळीने भिंतीला टेकून उभ्या होत्या. सडपातळ, चकचकीत, नुकत्याच वयात आलेल्या आणि कुठल्याच कामाच्या नसलेल्या.

निपाणीहून तंबाखूचे व्यापारी यल्लाप्पाशेठ बघायला आले. एक बार उडवून दाखवताच समोरच्या देवळावरची कबुतरं उठली आणि शेठचे डोळे भरून आले.

"दिवाळीमागं लेकीचं लगीन हाय," ते म्हणाले. "सगळ्या पाठवा. पाव्हण्यास्नी वाटाय पायजे, आमच्या दारात फौज हाय."

"पण माणसाला इजा होत नाही हं यांनी," केदारीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"फौजंचं तरी काय न्यारं हाय? उभी ऱ्हातीया. पगार खातीया."

असा सौदा ठरला. पण निपाणी इंग्रजांच्या मुलखात, म्हणजे गटाराच्या पलीकडे. केदारी परवान्यासाठी बेळगावच्या फौजदाराकडे गेला. आप्पाही टोपी झटकून बरोबर गेले. फौजदार नवे होते, धारवाडकडचे, आणि नव्या फौजदाराला असते तशी त्यांना कायद्यावर श्रद्धा होती.

"हे शस्त्र आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," केदारी म्हणाला. "हे वाद्य आहे."

"मग परवान्याची गरज नाही. पेढीच्या मालकाने तेवढं लिहून द्यावं, की आम्ही शस्त्र घडवलेलं नाही. एक प्रत संस्थानला जाईल. खुशाल न्या."

केदारीचा चेहरा उजळला आणि त्याच क्षणी आप्पांचा विझला. शस्त्र नाही असं लिहून दिलं की तो कागद दरबारात जाणार, आणि दसऱ्यानंतर सनदेऐवजी पाटी रंगवणारा येणार.

"शस्त्र हाय," आप्पा म्हणाले.

"आप्पा," केदारी दबल्या आवाजात म्हणाला.

"हाय म्हनलो न्हवं. अंबाजीच्या पेढीतनं बाहेर पडतंय ते शस्त्र."

"मग शेठना एकेका बंदुकीचा वेगळा परवाना काढावा लागेल," फौजदार म्हणाले, "आणि इतक्या बंदुका लग्नाला कशाला, ते कलेक्टरसाहेबांना पटवावं लागेल."

ते परत निघाले. वाटेत केदारी बोलत राहिला: बाजारपेठ, संधी, काळ. आप्पा ऐकत नव्हते. गटारापाशी येऊन ते थांबले आणि त्या काळ्या, संथ पाण्याकडे पाहत राहिले. एवढ्याशा पाण्याच्या या काठावर त्यांचं नाव होतं आणि त्या काठावर त्यांचं गिऱ्हाईक. आणि दोन्ही एकदम हातात धरता येत नव्हती.

अशात दसरा आला.

दसऱ्याची पेढीची एक रीत होती, अंबाजींच्या काळापासूनची. सकाळी खंडेनवमीच्या पूजेतून बंदुका उठवायच्या, कारागिरांनी त्या खांद्यावर घ्यायच्या आणि ताशाच्या गजरात सीमोल्लंघनाला निघायचं. आता सीमोल्लंघन म्हणजे गावाची सीमा ओलांडून आपट्याचं सोनं लुटणं. बाकी गावं त्यासाठी माळावर जातात, कुठल्यातरी झाडाला सीमा मानतात आणि मनातल्या मनात ती ओलांडतात. शहापूरकरांवर ही कल्पना करायची वेळ आली नव्हती. त्यांना खरीखुरी सीमा मिळालेली होती, आणि पेढीचा मानाचा आपटा तिच्या पलीकडच्या काठावर, इंग्रज बादशहाच्या मातीत उगवला होता. दरवर्षी अंबाजी आणि मंडळी बंदुकांसह साम्राज्यात शिरत, पानं तोडत आणि संस्थानात परत येत. बेळगावचे आजवरचे फौजदार त्या वेळी नेमके दुसरीकडे बघत. एकजण तर स्वतःच पानं तोडायला येई. बंदुकांसह सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे, हे शहापुरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं. सीमा ओलांडण्यासाठी तर सण होता.

यंदा नव्या बंदुका होत्या म्हणून मिरवणूक मोठी होती. पुढे फेटा बांधलेले आप्पा, मागे मुख्य शस्त्रशिल्पी, त्याच्यामागे वायुविभाग आणि इतर हुद्देदार, प्रत्येकाच्या खांद्यावर झेंडूची माळ घातलेली मंगल बंदूक. गटार ओलांडून सगळे आपट्याखाली पोचले, आणि मष्णूने परंपरेप्रमाणे एक बार उडवला.

झाडाच्या सावलीत नवे फौजदार आपल्या शिपायांसह उभे होते.

"इदेनु?" त्यांच्या तोंडून आधी कानडीच निघालं. मग ते सावरले. "हे काय आहे?"

"दसरा," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या हातावर सोनं ठेवलं.

फौजदारांनी ते पान खिशात नीट ठेवलं आणि आप्पांना अटक केली.

केदारीने ही बातमी ऐकली तेव्हा त्याला आनंद लपवणं कठीण गेलं. "आक्का, आपलं नशीब उघडलं. वकील देतो. ही शस्त्रंच नाहीत असं कोर्टात ठरलं की सगळा इंग्रज मुलूख आपल्याला मोकळा. परवाना नको, काही नको. पेशावरपर्यंत लग्नं आहेत."

"आनि सनद?"

"सनदेचं काय करायचंय आता? हवंतर वाद्यांचे कारखानदार म्हणू."

आक्काने हातातला अडकित्ता मिटला. "तुझ्या काकाला सांग. मी सांगत न्हाय. मला अजून भावाची गरज हाय."

खटल्याच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. निपाणीहून यल्लाप्पाशेठ आले होते, वडगावचे विणकर माग सोडून आले होते. मॅजिस्ट्रेट वृद्ध होते आणि निवृत्तीला टेकलेले होते. त्यांना बऱ्याच वर्षांनी काहीतरी मजेचं ऐकायला मिळत होतं. केदारीच्या वकिलाने मोठं भाषण केलं. सनई आणि मंगल बंदूक यांत तत्त्वतः भेद नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दोन्हींत एका टोकाने जोर लावतात आणि दुसऱ्या टोकाने वऱ्हाड दचकतं.

"आरोपीला गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाही," वकील म्हणाला.

"हाय," आप्पा म्हणाले.

कोर्टात कुजबुज झाली. वकिलाने आप्पांच्या कानात बरंच काही सांगितलं. आप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे म्हनत्यात ते खेळन्यांचं," ते मग म्हणाले. "मी खेळनी करत न्हाय. माज्या बानं केली न्हाईत. ती बंदूक हाय आनि ती घिऊन मी हद्द वलांडली. लिवून घ्या."

"तुमच्या कबुलीने वाद्य शस्त्र होत नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "परीक्षा घेऊ."

सगळं कोर्ट आवारात आलं. चिंचेखाली एक रिकामं मडकं ठेवण्यात आलं. मष्णूने दारू ठासली, बोळा बसवला, नेम धरला. बार झाला. खिडक्या थरथरल्या, एक टांगा घोड्यासकट किल्ल्याच्या दिशेने निघून गेला. धूर विरला तेव्हा मडकं जागच्या जागी होतं.

"आरोपीचं काही म्हणणं?"

"अंतर लई हाय, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी मडकं जवळ आणवलं. पुन्हा बार. मडक्यावर थोडी राख बसली.

"अजून लांब वाटतंय," आप्पा म्हणाले. मष्णूनेही मान डोलवून शास्त्रीय दुजोरा दिला. त्याच्या मते वारा आडवा होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

वकिलाने हरकत घेतली. आपलाच अशील आपल्याविरुद्ध पुरावा गोळा करतो आहे, असा प्रसंग त्याच्या कारकिर्दीत आलेला नव्हता. हरकत नोंदवली गेली आणि मडकं आणखी जवळ आलं. हसण्याचा आवाज वाढत होता. यल्लाप्पाशेठ डोळे पुसत होते. प्रत्येक बारानंतर धुरातून एक म्हातारा आरोपी चालत जाई, मडकं दोन्ही हातांनी उचली आणि, अंगाई म्हणून झाल्यावर मूल खाली ठेवावं तसं, थोडं अलीकडे आणून ठेवी. हळूहळू हसणं बंद पडलं. केदारीने एकदा वर पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

शेवटी मडकं नळीपासून एका वितीवर आलं.

"आता," आप्पा म्हणाले.

बोळा थेट मडक्यात घुसला आणि मडक्याच्या खापऱ्या चिंचेच्या बुंध्यापर्यंत उडाल्या. एक आप्पांच्या गुडघ्याला लागली. धोतरावर रक्ताचा ठिपका उमटला. आप्पांनी तो मॅजिस्ट्रेटना दाखवला, एखाद्याने प्रशस्तिपत्र दाखवावं तसा.

मॅजिस्ट्रेटनी तो ठिपका नोंदवून घेतला.

"एका वितीच्या आत हे शस्त्र आहे," ते म्हणाले. "कायद्यात अंतर दिलेलं नाही. आरोपी दोषी."

दंड झाला, तो आक्काने भरला. बंदुका सरकारजमा झाल्या. यल्लाप्पाशेठने लग्नाला मिरजेचा बँड ठरवला. आणि दिवाळीच्या आधीच दरबारच्या कचेरीतून निरोप आला की इंग्रजी कोर्टात शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या इसमास शस्त्रनिर्मितीची सनद देता येत नाही.

केदारीने तो निरोप आप्पांना वाचून दाखवला. "गेली सनद. हे करून मिळवलं काय आप्पा?"

"शस्त्रं करत व्हतो म्हनून गेली," आप्पा म्हणाले. "करत न्हवतो म्हनून न्हाय गेली."

"पण गेलीच ना?"

"तू शिकलेला हायस. तुला दोनीतला फरक कळायचा न्हाय."

केदारी त्या महिन्याच्या अखेरीला निपाणीला यल्लाप्पाशेठच्या वखारीत कारकून म्हणून लागला. आक्काने पुढच्या दुकानात एक फळी मारून घेतली आणि तिच्यावर काय मांडलं, ते आप्पांनी पाहूनही पाहिलं नाही.

सरकारजमा झालेल्या बंदुका बेळगावच्या खजिन्यात ठेवल्या होत्या. एका दुपारी आप्पा मष्णूला घेऊन त्या पाहायला गेले. खजिन्याच्या दाराशी संगीन लावलेली रायफल घेऊन एक शिपाई फेऱ्या घालत होता. उन्हात त्याच्या बुटांचा आवाज एकटाच, नियमित, कुणीतरी वेळेला खिळे मारत असल्यासारखा येत होता. आप्पा पायरीपर्यंत गेले आणि गजांतून आत डोकावू लागले.

"ओ म्हातारबा, मागं सरा," शिपाई म्हणाला. "आत हत्यारं हायत."

आप्पांनी हात कानामागे धरला. "काय हायत?"

"हत्यारं, हत्यारं. मागं सरा बघू."

आप्पा मागे सरले. मष्णू अजून पायरीवरच उभा होता. त्यालाही त्यांनी हाताला धरून मागे ओढलं.

"ऐक जरा त्याचं," ते म्हणाले. "धोका हाय."